'कसा होता पिक्चर?'

रविवारी संध्याकाळचा शो सुटतो. गर्दी जिन्यावरून उतरू लागते आणि पार्किंगपर्यंत पोचेतो निकाल लागलेला असतो. कुणी म्हणतं, "पैसा वसूल." कुणी म्हणतं, "इंटरव्हलनंतर ढेपाळला." एखादी मावशी म्हणते, "त्या पोरीनं असं एकदम घर सोडणं काही पटलं नाही बाई." मागून येणारा कॉलेजातला मुलगा मित्राला सांगत असतो की शेवट त्याच्या डोक्यावरून गेला. तेवढ्यात घरून फोन येतो आणि पहिलाच प्रश्न असतो, "कसा होता पिक्चर?" अडीच तासांचा अनुभव एका वाक्यात सांगायची वेळ येते.

ते वाक्य म्हणजे ज्ञान की नुसती चव? चहात साखर जास्त झाली असं म्हणणं आणि चित्रपट खोटा वाटला असं म्हणणं, ही दोन विधानं एकाच जातीची आहेत का? वर्षाकाठी पाच-सहा चित्रपट पाहणाऱ्या, कॅमेऱ्याची भाषा न शिकलेल्या माणसाला हे बोलण्याचा अधिकार कुठून मिळतो? प्रश्न करमणुकीचा वाटतो, पण आहे तो तत्त्वज्ञानाचा. भारतात त्यावर फार जुन्या काळापासून विचार झाला आहे आणि त्या विचाराचं झुकतं माप बरंचसं जिन्यावरच्या गर्दीच्या बाजूनं आहे.

नाट्यशास्त्राचा २७ वा अध्याय प्रयोगाच्या सिद्धीबद्दल आहे. नाटक साधलं हे ओळखायचं कशावरून? उत्तर शोधायला भरतमुनी रंगमंचाकडे पाठ करून प्रेक्षागृहाकडे बघतात. सिद्धी दोन प्रकारची, मानुषी आणि दैवी. मानुषी सिद्धी प्रेक्षकाच्या तोंडून आणि अंगातून प्रकट होते. स्मित, मोठ्यानं हसणं, वाहवा, हळहळ ही तोंडची लक्षणं. अंगावर काटा येणं, भारावून जागेवरून उठणं, अंगावरची वस्त्रं आणि बोटांतल्या अंगठ्या नटांकडे फेकणं ही अंगची. दैवी सिद्धीची खूण मात्र निराळी आहे. प्रेक्षागृह भरलेलं असतं आणि तरीही आवाज नसतो, चुळबूळ नसते, कसला उत्पात नसतो.

नागराज मंजुळे यांचा 'सैराट' २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला. 'झिंगाट' सुरू झालं की लोक खुर्च्या सोडून पडद्यासमोर नाचायला जात. शंभर कोटींचा आकडा ओलांडणारा तो पहिला मराठी चित्रपट. त्याच नाचलेल्या प्रेक्षकांसमोर शेवटी पडद्यावरचा सगळा आवाज थांबतो. लहानगं पोर रडत बाहेर जातं आणि त्याच्या इवल्या पावलांचे रक्ताळलेले ठसे मागे उरतात. त्या क्षणी महाराष्ट्रातली भरलेली थिएटरं गप्प झाली. अंगठ्यांच्या जागी शिट्ट्या आल्या, पण भरतमुनींनी वर्णन केलेल्या दोन्ही सिद्धी एकाच खेळात, एकाच प्रेक्षकानं दिल्या. त्या प्रेक्षकांतल्या बहुतेकांनी नाट्यशास्त्राचं नावही ऐकलेलं नसेल. सिद्धीला त्यामुळे काही उणं येत नाही.

मराठी भाषेनंही या प्रश्नाचा आपल्या परीनं विचार करून ठेवला आहे. 'मला पिक्चर आवडला' या वाक्यात क्रियापद पिक्चरच्या लिंगाप्रमाणे चालतं. गोष्ट आवडते, गाणं आवडतं, शेवट आवडतो. बोलणारा माणूस 'मला' होऊन बाजूला बसलेला असतो. आवडणं हे तो करत नाही, ते त्याच्या बाबतीत घडतं. पटणं, भावणं, भिडणं, रुचणं, सुचणं, कळणं या क्रियापदांची ठेवण तीच. म्हणून 'मला आवडला' हे विधान कुणी खोडून काढू शकत नाही. डोकं दुखतंय म्हणणाऱ्याला तसं नाही असं कोण सांगणार?

'चांगला आहे' म्हटलं की मात्र प्रकरण बदलतं. आता बोलणारा स्वतःबद्दल बोलत नाही, चित्रपटाबद्दल बोलतो, आणि समोरचा वाद घालू शकतो. इमॅन्युएल कान्टनं १७९० साली सौंदर्याच्या निर्णयावर लिहिताना हाच फरक मांडला. कॅनरी बेटांवरची वाइन छान आहे असं म्हणणाऱ्याला 'तुला छान लागते असं म्हण' अशी दुरुस्ती सुचवली, तर तो ती खुशाल मान्य करतो. एखादी वस्तू सुंदर आहे असं म्हणणारा मात्र ती दुरुस्ती मानत नाही. इतरांनाही ती तशीच दिसायला हवी, अशी त्याची अपेक्षा असते. पुरावा हातात नसतो, तरी मागणी सगळ्यांकडे असते. जिन्यावरची भांडणं रंगतात ती यामुळेच. कुणाला भेंडी आवडत नसेल तर मित्र त्याच्याशी तासभर हुज्जत घालत नाहीत. 'सैराट'चा शेवट तसा हवा होता की नको, यावर घालतात.

मग हा वाद मिटवायचा कसा? मतं मोजून? की जाणकारांना विचारून?

१९७५ या एका वर्षानं दोन्ही उत्तरांची परीक्षा घेतली. १५ ऑगस्टला 'शोले' आला. पहिल्या दिवसांत धंद्यातल्या जाणत्यांनी त्याला अपयशी ठरवलं. पुढे तोच चित्रपट मुंबईच्या मिनर्व्हामध्ये पाच वर्षं चालला. त्याच वर्षी कमी खर्चात, फारशा परिचित नसलेल्या नटांना घेऊन केलेला 'जय संतोषी माँ' आला. समीक्षकांनी त्याची दखलही धड घेतली नाही आणि वर्षाच्या सर्वाधिक कमाईच्या चित्रपटांत तो 'शोले'च्या पंक्तीला जाऊन बसला. जाणकार दोनदा चुकले.

पण गर्दीही चुकते. गुरुदत्त यांचा 'कागज के फूल' १९५९ साली पडला. भारतातल्या या पहिल्या सिनेमास्कोप चित्रपटानंतर त्यांनी दिग्दर्शक म्हणून पुन्हा कधीही नाव लावलं नाही आणि १९६४ मध्ये ते गेले. आज हिंदी चित्रपटाचा कुठलाही इतिहास त्या चित्रपटाला वगळून लिहिता येत नाही. अलीकडचं उदाहरण राही अनिल बर्वे यांच्या 'तुंबाड'चं. नारायण धारप यांच्या कथेपासून प्रेरणा घेतलेला आणि कोकणातल्या पावसानं ओथंबलेला हा चित्रपट ऑक्टोबर २०१८ मध्ये आला तेव्हा मोजक्यांनीच पाहिला. सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा लागला आणि पहिल्या खेपेपेक्षा जास्त चालला. चित्रपटाची एक चौकटही बदललेली नव्हती. सहा वर्षांत बदलला होता तो बघणारा.

याचा अर्थ असा की संख्या आणि पदवी या दोन्ही गोष्टी निर्णयाला पुरत नाहीत. तिसरं काहीतरी लागतं. ते काय, याचं सगळ्यात बारकाईनं केलेलं उत्तर काश्मीरच्या अभिनवगुप्ताकडे सापडतं. हजार वर्षांपूर्वी नाट्यशास्त्रावर 'अभिनवभारती' ही टीका लिहिताना त्यानं उलट बाजूनं विचार केला. रस म्हणजे विघ्न दूर झालेली प्रतीती असेल, तर ही विघ्नं कोणती? त्यानं सात सांगितली. त्या यादीशेजारी जिन्यावरचे शेरे ठेवून पाहण्यासारखे आहेत.

पहिलं विघ्न संभावनेचा अभाव, म्हणजे असं घडू शकेल हे मनाला न वाटणं. मावशींचं 'पटलं नाही' ते हेच. दुसरं, हे माझं, हे त्याचं, हा अमुक गावचा, हा अमुक काळचा, या जाणिवेत अडकून राहणं. नटाला वेषभूषा आणि मुकुट हवा तो त्याचं खरं रूप झाकण्यासाठी. सामान्य प्रेक्षक म्हणतो, "सगळीकडे हिरोच दिसत होता, तो शेतकरी काही वाटला नाही." चौथं आणि पाचवं विघ्न साधनं अपुरी असण्याचं आणि गोष्ट स्पष्ट न दिसण्याचं. "नुसतं बोलून सांगतात, दाखवत काहीच नाहीत," ही तक्रार त्यातली. सहावं, मुख्य काय आणि गौण काय हे न ठरणं: "नेमकी गोष्ट कुणाची तेच कळेना." सातवं संशयाचं. डोळ्यांतलं पाणी दुःखाचं असतं, आनंदाचं असतं किंवा डोळ्यांच्या विकाराचंही असतं. मागचापुढचा संदर्भ नसेल तर बघणारा गोंधळतो. "ती शेवटी रडत का होती?" हा प्रश्न दर शुक्रवारी कुणीतरी विचारतंच.

तिसरं विघ्न मुद्दाम मागे ठेवलं, कारण ते बघणाऱ्याच्या आत असतं. स्वतःच्या सुखदुःखात बुडालेला माणूस दुसऱ्याच्या सुखदुःखात शिरू शकत नाही. घराचा हप्ता, आईचं आजारपण, साहेबांचं बोलणं डोक्यात घेऊन तो खुर्चीत बसलेला असतो. अभिनवगुप्त यावर उपाय सांगतो तो गाण्याचा, वाद्यांचा आणि सजवलेल्या रंगमंडपाचा. आपल्या चित्रपटांतल्या गाण्यांना गोष्टीतला अडथळा मानणाऱ्यांनी हा विचार ध्यानात घ्यावा. थकलेल्या माणसाला त्याच्या स्वतःच्या चिंतेतून उचलून गोष्टीपर्यंत आणून सोडणं, हे गाण्याचं काम आहे.

तेव्हा शास्त्राची परिभाषा माहीत नसलेला प्रेक्षकही शास्त्रातलेच आक्षेप घेत असतो. त्याला दोष दिसतो, दोषाचं नाव ठाऊक नसतं. डेव्हिड ह्यूमनं १७५७ सालच्या आपल्या निबंधात 'डॉन किहोटे' कादंबरीतली एक गोष्ट सांगितली आहे. सांचो पान्झाच्या दोन नातलगांना पिंपातल्या वाइनवर मत विचारलं गेलं. एक म्हणाला, चांगली आहे, पण किंचित चामड्याची चव लागते. दुसरा म्हणाला, चांगली आहे, पण लोखंडाची लागते. लोक दोघांना हसले. पिंप रिकामं झालं तेव्हा तळाशी चामड्याचा पट्टा अडकवलेली एक जुनी किल्ली निघाली. ह्यूमच्या मते रुचीचं प्रामाण्य असंच असतं. चव आतली असली, तरी किल्ली बाहेर खरोखर असते.

इथपर्यंत सगळं प्रेक्षकाच्या बाजूचं झालं. आता त्याच्यावरची जबाबदारी. अभिनवगुप्त ज्याला सहृदय म्हणतो, त्याच्या मनाचा आरसा काव्याच्या सततच्या सहवासानं लख्ख झालेला असतो. ह्यूमही जाणत्याकडून सराव, तुलना आणि पूर्वग्रहांपासून मुक्ती मागतो. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'ला २०१४ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात दोन पुरस्कार मिळाले आणि पुढे तो भारताकडून ऑस्करसाठी गेला. इथे तो पाहायला गेलेल्या अनेकांना कंटाळा आला. कॅमेरा हलत नाही, सुनावणी संपल्यावरही दृश्य संपत नाही, वकील घरी जातो, भाजीपाला आणतो. पण पुढची तारीख, पुन्हा पुढची तारीख या न्यायव्यवस्थेच्या संथपणाबद्दलच तो चित्रपट आहे. कंटाळ्याला घाबरून उठून गेलेल्या माणसाला हे दिसणं शक्य नव्हतं. जो थांबला त्याला तो संथपणा स्वतःच्या अंगावर जाणवला. थांबण्याची ही सवय शिकता येते. पुण्यात प्रभात स्टुडिओच्या जागेवर १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली, १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आलं आणि या दोन संस्थांनी मिळून चित्रपट रसास्वादाचे वर्ग चालवले. 'रसास्वाद' हा मराठीनं निवडलेला शब्द भरतापासून चालत आलेल्या घराण्यातला आहे, आणि तो शिकवण्याची गोष्ट आहे हे त्या वर्गांनी मान्य केलं.

तरीही शिक्षण एकाच ठिकाणी मिळत नसतं. प्रयोगाच्या गुणदोषांवर वाद झाला तर निर्णय कुणी द्यावा, हे सांगताना भरतमुनी दहा प्रकारचे प्राश्निक सांगतात. त्यांत यज्ञ जाणणारा आहे, वैयाकरण आहे, छंद जाणणारा आहे; तसेच नर्तक, चित्रकार, धनुर्विद्या जाणणारा आणि वेश्याही आहे. ज्याचं जे जगणं, त्यातला खरेखोटेपणा त्यानं ओळखायचा. एकट्या कुणापाशी सगळे गुण नसतात, हे ते स्पष्ट मान्य करतात. तरुणाला प्रेमाची गोष्ट आवडेल, वृद्धाला धर्माची आणि पुराणाची, शूराला युद्धाची.

केदार शिंदे यांचा 'बाईपण भारी देवा' ३० जून २०२३ रोजी आला. मंगळागौरीच्या स्पर्धेसाठी एकत्र येणाऱ्या सहा बहिणींची ती गोष्ट. बायका घोळक्यानं, नटूनथटून थिएटरात आल्या, शो संपल्यावर तिथेच फेर धरून नाचल्या. चित्रपटाची मांडणी सैल आहे असं म्हणता येईल. पण पन्नाशीतल्या बाईला बहिणीचा राग दहा वर्षं कसा पुरतो, हे खरं उतरलंय की नाही, या प्रश्नावर त्या बायकाच प्राश्निक आहेत आणि त्यांनी आपला निकाल दिला. तसंच 'फँड्री' या चित्रपटाचं. त्यात डुकराच्या मागे धावणारं जब्या या मुलाचं कुटुंब शाळेतलं राष्ट्रगीत ऐकून जागच्या जागी उभं राहतं आणि डुक्कर निसटतं. ज्याला गावानं कधी डुकरं पकडायला लावलं नाही त्यालाही हे दृश्य समजतं. ज्याच्या घरानं ते भोगलंय त्याला त्यात जे दिसतं, ते पहिल्यानं त्याच्याकडून ऐकून घ्यायला हवं.

मग भक्तीचं काय? 'जय संतोषी माँ' बघायला लोक चपला बाहेर काढून आत जात, पडद्याकडे फुलं आणि नाणी उधळत. २५ जानेवारी १९८७ पासून दर रविवारी सकाळी 'रामायण' लागायचं तेव्हा अंघोळ करून, टीव्हीला हार घालून, उदबत्ती लावून लोक समोर बसत. हे बघणं की दर्शन? काटेकोरपणे पाहिलं तर पडद्यावरची प्रतिमा खरी देवता मानणारा प्रेक्षक रसापर्यंत पोचतच नाही, कारण रसासाठी 'हे नाट्य आहे' याचं भान सुटून चालत नाही. पण प्रभातच्या 'संत तुकाराम'ची साक्ष वेगळी आहे. दामले-फत्तेलाल यांचा हा १९३६ सालचा चित्रपट मुंबईत वर्षाहून अधिक काळ एकाच थिएटरात चालला आणि १९३७ मध्ये व्हेनिसला नावाजला गेला. तुकोबा कोण हे ज्यांना ठाऊकही नव्हतं त्या परक्या परीक्षकांना आणि तुकोबा झालेल्या विष्णुपंत पागनिसांना बघून हात जोडणाऱ्या वारकऱ्यालाही तो भिडला. भाव वेगळे, चित्रपट एक. भक्तीनं रसाला मारलं नाही, कारण चित्रपट करणाऱ्यांनी चमत्कारांइतकाच जीव तुकोबांच्या बायकोच्या, आवलीच्या, वैतागलेल्या संसारातही ओतला होता.

रसाला मारणारी गोष्ट दुसरी आहे आणि तीही भरतमुनींनी नोंदवली आहे. प्रयोगावर येणाऱ्या घातांमध्ये ते परक्यांनी केलेला घात सांगतात. मत्सरानं, द्वेषानं, दुसऱ्या पक्षाचे म्हणून किंवा पैसे घेऊन आलेले लोक प्रेक्षागृहात ओरडा करतात, शेण, ढेकळं, मुंग्या फेकतात. मार्च २०१७ मध्ये पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर 'पद्मावती'चा सेट जाळला गेला. चित्रपट तयारही झाला नव्हता. पुढे नाव बदलून, बंदी घालणाऱ्या राज्यांविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात जाऊन तो जानेवारी २०१८ मध्ये लागला. त्याच्यावर पुष्कळ खरे आक्षेप घेता येतात, विशेषतः जोहाराच्या दृश्यावर. पण ते बघितल्यानंतर. आज चित्रपट लागण्याआधीच त्याला तारे देणारे, आवडत्या नटासाठी दुसऱ्या नटाच्या चित्रपटाला शिव्या घालणारे, कमाईच्या आकड्यांवरून जिंकल्या-हरल्याची भाषा बोलणारे सगळीकडे दिसतात. हे मत नव्हे. मताला आधी अनुभव लागतो, आणि 'मला आवडला' मधला तो 'मला' तिथे हजर असावा लागतो.

हजर असणं म्हणजे काय, हे मराठी माणसाला सांगायला काश्मीरला किंवा युरोपला जाण्याची गरज नाही. शके १२१२, म्हणजे १२९० मध्ये, नेवाशाला ज्ञानेश्वरांनी गीता मराठीत सांगितली. ऐकणाऱ्यांकडून त्यांनी संस्कृतची विद्वत्ता मागितली नाही, जात विचारली नाही. नवव्या अध्यायाच्या आरंभी ते श्रोत्यांपाशी एकच गोष्ट मागतात: अवधान. तेवढं मिळालं की ऐकणारा पात्र झाला. अधिकाराची इतकी उदार आणि तरीही इतकी कडक अट दुसरी सापडणार नाही. उदार अशासाठी की ती कुणालाही पुरी करता येते. कडक अशासाठी की ती विकत घेता येत नाही, आणि मांडीवर उजळणाऱ्या फोनसमोर ती पहिल्या दहा मिनिटांत मोडते.

म्हणून पुढच्या शुक्रवारी वाचकानं एक करून पाहावं. फोन बंद करून आत बसावं, शेवटची नावं वर सरकेपर्यंत उठू नये, आणि तारे, आकडे, परीक्षणं घरी पोचेपर्यंत उघडू नयेत. बाहेर आल्यावर कुणी विचारलं, "कसा होता पिक्चर?" तर चांगला-वाईट म्हणण्याआधी जे एक दृश्य डोळ्यांसमोरून जात नाही, ते सांगावं. आणि बरोबर आलेल्या मावशी म्हणाल्या की पटलं नाही, तर कुठे पटलं नाही ते त्यांना विचारावं आणि त्यांचं बोलणं पुरं होऊ द्यावं.